रफू केलेला आवाज

स्क्रू फिरवून काढायचे असतात हे ड्राइव्हदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या चित्राला कुणी शिकवायला नको होतं. तरी त्या दुपारी तिनं ते जवळजवळ उपटले.

मेजावर उघडा पडलेला कॉम्प्युटर तिच्या धाकट्या बहिणीचा, सुवर्णाचा. सुवर्णा होळीच्या आधी गेली. ‘जिन्यावरून पडली,’ असं सासरच्यांनी सांगितलं, पोलिसांनी लिहून घेतलं, आणि चित्रानं ते एक दिवसही मानलं नाही. बहिणीच्या दंडावरचे काळेनिळे डाग तिनं पाहिले होते. ‘मोरीत पाय घसरला गं ताई,’ हे इतक्यांदा ऐकलं होतं, की त्या घरात मोरी होती की शेवाळाचं शेत, असं विचारावं.

सुवर्णाची लेक ईश्वरी तेरा वर्षांची. आई गेल्यापासून ती मावशीकडं, सांगलीत. आता तिच्या बापानं, संग्रामनं, मुलीचा ताबा मागितला होता. आणि पुरावा म्हणून त्यानं कोर्टात काय दिलं होतं? खुद्द सुवर्णाचा आवाज.

ईश्वरी निवासी शाळेत असताना सुवर्णा तिच्यासाठी बोलून ठेवायची. फोनवर नाही. फोन संग्राम रोज तपासायचा. ती घरी ब्लाउजवर आरीच्या सुईनं भरतकाम करायची, त्याची नक्षी कॉम्प्युटरवर काढायची, आणि ‘ब्लाउजचे गळे’ नावाच्या फोल्डरात आपला आवाज लपवायची. बायकांचे गळे बघायला कोण पुरुष बसतो? सुट्टीत आली की लेक ऐकेल, एवढाच तिचा बेत.

ती गेली, कॉम्प्युटर पत्र्याच्या खोलीत बंद पडून राहिला. सगळा उन्हाळा. मग संग्रामनं तो कंपनीच्या सेंटरात नेऊन ड्राइव्ह अपग्रेड करून घेतला, आणि त्यात बायकोचं बोलणं सापडलं. एक प्रत कोर्टात गेली. कॉम्प्युटर त्यानं मोठ्या मनानं लेकीकडं पाठवला. वर चिठ्ठी: ‘आईची आठवण.’ द्यायला काय जात होतं? त्या आठवणीत त्याची बायको त्याच्याच बाजूनं बोलत होती.

*

ड्राइव्हच्या चिपमध्ये अब्जावधी कप्पे असतात. डोळ्याला न दिसणारे. प्रत्येकात विजेचे कण कोंडलेले. किती कोंडलेत त्यावरून आकडा ठरतो, आणि अशा आकड्यांची लांबच लांब रांग म्हणजे तुमचा फोटो, तुमचं विजेचं बिल, तुमच्या आईचा आवाज. पूर्वी कप्प्याला दोनच गोष्टी ठाऊक होत्या, भरलेला आणि रिकामा. मग हाव सुटली. रांजण तोच, पण त्यावर आठ रेघा ओढल्या, मग सोळा, मग चौसष्ट. पाणी कोणत्या रेघेला टेकलंय ते अचूक वाचायचं. आणि रांजण तर पाझरणारच. वीज चालू असेल तर ड्राइव्हचा कंट्रोलर, म्हणजे त्या चिपांचा कारभारी, मधूनमधून पातळी सारखी करत राहतो. पण वैशाखात तापलेल्या पत्र्याखाली बंद पडलेल्या ड्राइव्हची पातळी कोण सारखी करणार?

जुना कंट्रोलर प्रामाणिक होता. आकड्यांच्या सोबतीला त्यांची बेरीज ठेवायचा. एखादा आकडा हरवला तर बेरजेवरून शोधून काढायचा, फारच हरवले तर हात वर करायचा: वाचता येत नाही. गिऱ्हाइकांना ते आवडायचं नाही. पैसे मोजलेत, वाचता येत नाही म्हणजे काय?

म्हणून कंपन्यांनी कंट्रोलरला अंदाज करायला शिकवलं. कोट्यवधी माणसांचे आवाज, चेहरे, वाक्यं त्याच्या पोटात घातली. आता तो भोकाच्या अलीकडचं पाहतो, पलीकडचं पाहतो आणि मधलं विणून देतो. त्याच आवाजात, त्याच लकबीत. दुरुस्तीवाल्यांच्या गल्लीत या प्रकाराला ‘रफू’ म्हणत. आणि रफूचं कौतुक कशात? शिवण दिसत नाही यात. वर्षानुवर्षं लोकांनी लग्नाचे फोटो रफू करून घेतले, आणि पंगतीत आपल्या काकांच्या जागी भलत्याचेच काका जेवायला बसलेत हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

चित्रानं सुवर्णाच्या जुन्या चिपा सेंटरात बसवलेल्या नव्या कंट्रोलरवरून सोडवल्या आणि आपल्याकडच्या जुन्या, अंदाज न करणाऱ्या, मुक्या कंट्रोलरवर बसवल्या. आवाज लावला.

“आणि ईशू, एक सांगते. ह्—”

पुढं काही नाही. खटका, आणि पोकळी.

कोर्टात दिलेल्या प्रतीत याच जागी अखंड, ठणठणीत वाक्य होतं: ‘आणि ईशू, एक सांगते. संग्रामनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. मला या घरात काही कमी नाही.’

चित्रानं कंपनीला फोन लावला. केतन नावाचा इंजिनिअर बोलायला आला, फार गोड आवाजाचा.

“मॅडम, ती रिस्टोर केलेली जागा आहे. आमचं मॉडेल सर्वांत संभाव्य वाक्य भरतं. अचूकता नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर आहे.”

“संभाव्य म्हणजे काय, साहेब?”

“म्हणजे... अशा ठिकाणी बहुतेक स्त्रिया जे म्हणतात ते.”

“बहुतेक बायका खोटं बोलतात!” चित्रा ओरडली. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. “भिंतीपलीकडं ऐकू जाईल म्हणून बोलतात. माहेरच्यांना घोर नको म्हणून, पोरं मोठी होईपर्यंत निभावायचं म्हणून बोलतात. तुम्ही कोट्यवधी बायकांचं तेच खोटं गोळा केलंत, त्याला सरासरी म्हणालात, आणि माझ्या मेलेल्या बहिणीच्या तोंडात कोंबलंत!”

“मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो.”

“नका समजू. तुम्ही समजायला लागलात की भोकं बुजतात.”

*

वकील मुजावरबाईंनी सगळं ऐकून चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“चित्राताई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण समोरचा वकील काय म्हणेल? मावशी स्वतःच ड्राइव्ह दुरुस्त करते, मावशीला मुलगी हवीय, आणि मावशीच्याच दुकानात आवाजाला भोक पडलं. आयतंच सापडाल त्याला.”

“मग कंपनीला विचारा!”

“कंपनी सांगेल, नव्व्याण्णव टक्के. आणि दुसरं. न्यायाधीश मुलीला विचारणार. तेरा वर्षांची आहे, तिच्या मताला वजन आहे. ती काय म्हणतेय?”

हाच तर काटा होता.

ईश्वरी रोज शाळेतून आली की हातपाय धुवायच्या आधी आईचं बोलणं लावायची. सगळं नाही. सरळ शेवटाकडं जाऊन एकच वाक्य: ‘ईशू, तू माझ्या काळजाचा तुकडा आहेस.’ डोळे मिटून, दोनदा, तीनदा. मग जेवायला यायची.

मुक्या कंट्रोलरवर त्या जागीही भोक होतं.

*

“ईशू, इथं बस जरा. तुला काही ऐकवायचंय.”

“काय?”

चित्रानं लावलं. “ईशू, तू—” आणि खटका. आणि पोकळी.

ईश्वरीनं स्क्रीनकडं पाहिलं. “हे काय? नीट लाव.”

“नीटच आहे बाळा. पुढचं उन्हानं गेलंय. जे तू ऐकतेस ते मशीननं भरलंय. आईनं नाही.”

“तू मोडलंस.”

“अगं—”

“तू उघडलंस आणि मोडलंस! होतं ते! मी रोज ऐकते!”

“काळजाचा तुकडा असं कधी म्हणाली होती का ती तुला? आठव बरं. तुझ्या आईच्या तोंडचा शब्द आहे का तो? मालिकेतल्या बायका बोलतात तसलं—”

“समोर नाही म्हणाली म्हणून इथं म्हणाली असेल! तुला काय माहीत काय म्हणाली ते? तुला तरी ऐकू येतंय का?”

पोरीचं खरं होतं. भोकात काय होतं ते भोकालाच ठाऊक.

“तुला पप्पा वाईट पाहिजेत,” ईश्वरी उभी राहिली. नाकपुड्या थरथरत होत्या, अगदी सुवर्णासारख्या. “म्हणून तू आईला पुसलंस. मी कोर्टात सांगणार, मला पप्पांकडं जायचंय. आई स्वतः म्हणते ते चांगलेत. आई कशाला खोटं बोलेल मावशी? सांग की! माझ्याशी कशाला खोटं बोलेल?”

नवा कंट्रोलर त्याच संध्याकाळी परत बसवावा लागला. पोरगी समोर उभी राहिली होती, एकेक स्क्रू बसेपर्यंत, पोलिसासारखी. चित्राचे हात काम करत होते आणि आत नुसता जाळ होता. माणूस खोटं बोलला असता तर त्याचं बखोट धरता आलं असतं. इथं कुणाचं धरणार? जगातल्या यच्चयावत गप्प बायकांचं?

*

कुटुंब न्यायालयाची खोली लहान होती. संग्राम इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हात जोडून बसलेला. शेजारी त्याची आई. सुवर्णा तिला आत्याबाई म्हणायची, म्हणून चित्राही. नऊवारी, डोक्यावरून पदर, ताठ मान. ‘आमचं घर चांगलं, सून चांगली होती, नात आमची आम्हाला द्या,’ एवढं सांगायला तिला गावाहून आणलं होतं. पलीकडच्या बाकावर कंपनीचा केतन. ईश्वरी मावशीपासून एक खुर्ची सोडून बसली होती.

न्यायाधीश बाईंनी रेकॉर्डिंग सुरुवातीपासून लावायला सांगितलं. तुकडा नको, सगळं.

स्पीकरमधून सुवर्णा बोलू लागली. वेण्या, डबा, परीक्षा, शेजारणीची व्यालेली म्हैस. ईश्वरीनं डोळे मिटले. आपल्या वाक्यासाठी ती नेहमी हे सगळं ओलांडून जायची.

“आणि ईशू, एक सांगते. संग्रामनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. मला या घरात—”

“बंद करा त्ये!”

आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या.

“आजी, मधे बोलायचं नाही,” न्यायाधीश म्हणाल्या.

“न्हाई बोलत. पर ही माझी सून न्हवं.”

संग्राम हसल्यासारखं करून म्हणाला, “आई, तिचाच आवाज आहे. बस तू.”

“आवाज तिचाच हाय. त्वांड तिचं न्हाई.” आत्याबाईंनी पदर सावरला आणि न्यायाधीशांकडं वळल्या. “बाईसाहेब, मी सांगती. माझी सून नवऱ्याचं नाव घ्यायची न्हाई. लगीन झाल्यापास्नं कधी न्हाई. ‘हे’ म्हणायची. ‘ह्यांनी सांगितलं, ह्यास्नी इचारते.’ हळदीकुंकवाला बायका धरून बसायच्या, उखाणा घे म्हणून. तर घ्यायची, पर कसा?

पेवात ठेवली हळद, वरून माती झाकून,
...चं नाव ठेवलंय मनामंदी राखून.

नावाच्या जागी थांबायची आणि लाजून हसायची. मग आम्हीच समद्या बायका ओरडायचो, संग्रामरावांचं! ती जागा ती कधी भरायची न्हाई, आम्ही भरायचो. आन तुम्ही आज कोर्टात लिवून घेताय, की साळुंख्यांची सून नवऱ्याला एकेरी नावानं पुकारत हुती? चांगल्या वळणाची पोर हुती ती! मेल्यावर तिला बेवळण करता व्हय?”

चित्रानं स्वतः ते वाक्य शंभरदा ऐकलं होतं आणि तिचा कान एकदाही अडला नव्हता. ती आपल्या नवऱ्याला नावानंच हाक मारायची, रागात तर आडनावानंसुद्धा. संग्रामलाही ती संग्रामच म्हणायची. तिच्या कानाला त्यात खटकण्यासारखं काही नव्हतंच.

ईश्वरीनं डोळे उघडले होते.

“आई, गप बस म्हटलं ना!” संग्रामनं म्हातारीचा दंड धरला आणि खाली ओढलं. जोरात नव्हे. पण आत्याबाईंनी डोळे गच्च मिटले आणि खांदा आक्रसून घेतला, सवय झालेली माणसं आक्रसतात तसा. ते न्यायाधीशांनी पाहिलं. ईश्वरीनंही पाहिलं.

“हात काढा,” न्यायाधीश म्हणाल्या. “आधी हात काढा त्यांच्या दंडावरून.”

मुजावरबाई उठल्या. “केतनसाहेब, या वाक्यात नाव कुठून आलं?”

केतन घाम पुसत उभा राहिला. “मॅडम, तिथं डेटा नव्हता. सुरुवातीला फक्त ‘ह’सारखा काहीतरी अंश होता. तो मॉडेलनं श्वास धरला असावा. मग वाक्याला कर्ता हवा म्हणून त्यानं त्याच ड्राइव्हवरच्या इतर फायली पाहिल्या. लाइट बिल, रेशनकार्ड. घरातल्या पुरुषाचं नाव तिथं होतं.”

“म्हणजे लाइट बिलावरचं नाव उचलून तुम्ही मेलेल्या बाईच्या तोंडात घातलंत.”

“घातलं नाही मॅडम. ते... संभाव्य होतं.”

“बाई जिवंतपणी ‘ह्यांनी’ म्हणत होती. सासूबाई कोर्टापुढं सांगतायत. त्या ‘ह’च्या पुढं काय होतं ते तुमच्या मशीनला ठाऊक आहे?”

“नाही.”

“तुम्हाला?”

“नाही.”

न्यायाधीशांनी कोर्टाच्याच तंत्रज्ञाकडून चित्रानं सोबत आणलेल्या कॉम्प्युटरमधला ड्राइव्ह मुक्या कंट्रोलरवर वाचून घ्यायचं ठरवलं. दुपारी परत सगळे बसले.

“आणि ईशू, एक सांगते. ह्—”

चित्राला दुकानात तो उसासा वाटला होता. आता खोलीतल्या प्रत्येक बाईला तो नीट ऐकू आला. अर्धा ‘ह्या’. नवरा नावाच्या माणसाचं सुवर्णानं आयुष्यभर घेतलेलं एवढंच नाव, आणि त्याचाही तुकडाच उरला होता. पुढं लांबलचक पोकळी. ह्यांनी मला मारलं, की ह्यांनी मला नवी मशीन आणली? आत्याबाईसुद्धा मान पुढं काढून ऐकत होत्या. आपण लेकाचं काय करून बसलो हे त्यांना अजून उमगलं नव्हतं. सुनेचं वळण शाबूत राहिलं, या समाधानात त्या होत्या.

संग्रामचा वकील उठला. “मॅडम, या शांततेचा अर्थ माझ्या अशिलाविरुद्ध—”

“शांततेचा अर्थ मी लावणार नाही,” न्यायाधीश म्हणाल्या. “तुमच्या विरुद्ध नाही आणि बाजूनंही नाही. जे ऐकू येत नाही ते मी ऐकणार नाही. पुरावा बाद. मुलीला आत माझ्या खोलीत पाठवा.”

ईश्वरी आत गेली. बाहेर आली तेव्हा बापाच्या बाकाजवळून, त्याच्याकडं न बघता, आली आणि मावशीशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

“काय सांगितलंस?” चित्रानं हळूच विचारलं.

“तुझ्याकडं म्हटलं,” ती म्हणाली. “रडू नको लगेच.”

*

पुढचा आदेश होईपर्यंत मुलगी मावशीकडं, असं कागदावर आलं. सुवर्णाच्या मरणाबद्दल कागदावर काही आलं नाही. मुजावरबाई म्हणाल्या, आता नव्यानं तक्रार करू, सासूबाईंना गाठू. चित्रा ‘हो’ म्हणाली. बसमध्ये तिनं खिडकीची दांडी इतकी घट्ट धरली होती की उतरताना बोटं उघडेनात. संग्रामचा पांढरा शर्ट त्याच इस्त्रीत घरी गेला होता.

घरी येऊन तिनं कॉम्प्युटर उघडला, नवा कंट्रोलर उपसून टोपलीत फेकला, मुका बसवला. मग जरा घुटमळली.

“ईशू, ते तुझं वाक्य... मी वेगळं काढून ठेवलंय. हवं असेल तर ऐकत जा. आईचं नसलं तरी आवाज तिचाच आहे.”

ईश्वरी दप्तर न काढताच उभी होती.

“नको,” ती म्हणाली. “त्याच तोंडानं पप्पांचं नाव घेतलंय.”

“बरं.”

“पुसून टाक. आत्ता. माझ्यासमोर.”

चित्रानं पुसलं.

“आता खरं लाव. पहिल्यापासून.”

दोघी जमिनीवर बसल्या. वेण्या, डबा, म्हैस. खटका. चौकटीवर ताणलेल्या कापडात आरीची सुई घुसतानाची टकटक. खटका. अर्धा ‘ह्या’. पोकळी. ‘ईशू, तू’ आणि पोकळी, मोठी. ईश्वरीनं ओठ दाताखाली धरले. आजवर ती या जागेच्या पुढं कधी गेलीच नव्हती. आपलं वाक्य मिळालं की बंद करायची.

पुढं काठावर, उन्हातून वाचलेलं, स्वच्छ, घाईत बोललेलं:

“—आणि केस विंचरत जा गं, किती सांगू! झिपरी दिसतेस नुसती. मावशीवर गेलीयस.”

चित्राच्या तोंडून हसू फुटलं. ईश्वरी मात्र ताडकन उठली, दोन्ही मुठी वळून स्क्रीनसमोर उभी राहिली.

“नाही विंचरत जा!” ती किंचाळली. “नाहीच विंचरणार! तू कोण सांगणारी? मला का नाही सांगितलंस तू? म्हैस सांगत बसलीस! म्हशीचं सांगितलंस आणि ते नाही सांगितलंस!”

स्पीकरमधून आणखी एक खटका आला, आणि मग पोकळी. तिथं कुणीही उत्तर विणलं नाही. ईश्वरी धापा टाकत तशीच उभी राहिली, मग कपाळावरच्या झिपऱ्या मागं सारून परत ओरडली, आणखी मोठ्यानं.